दीपकचं विरजण

दीपक पांढऱ्या चादरीखाली निजलेला होता, तेव्हा जमलेल्या सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले.

"वेशीकडच्या गल्लीत पाणी आलं आहे."

मेसेज त्याच्याच कॉम्प्युटरनं पाठवला होता.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आमच्या अमडापुरात नळ कधी येईल याचा नेम नाही, आणि आला की सोडता येत नाही. शेवटी दीपकची बायको, सुनंदावहिनीच म्हणाल्या, "जा न, पाणी भरून या. मंग बसा."

आज त्याला वर्ष झालं.

दीपक शाळेत गणित शिकवायचा आणि फावल्या वेळात स्वतःच्या डोक्याला ताप करून घ्यायचा. सगळं जग जी ऑपरेटिंग सिस्टिम वापरतं, ती याला नको. याची अशी, की जिल्ह्यात कोणी नावही ऐकलेलं नाही.

"काऊन बे, सरळ रस्ता दिसत नाही काय तुले?" मी विचारायचो.

"लाइट गेली-आली तरी हे गुमान उठून कामाले लागते," तो म्हणायचा. "तुह्यावाणी चहा नाही मांगत."

त्या डबड्यावर त्यानं पाण्याचा प्रोग्राम लिहिला. गावाला पाणी सोडणारे शेषरावदादा व्हॉल्व्ह फिरवून मिस्ड कॉल द्यायचे, की त्या गल्लीत घरोघरी मेसेज. तो गेल्यावरही चालू राहिलं.

गेल्या महिन्यात त्या डबड्याची डिस्क बसली. मेसेज बंद.

तेव्हापासून शेषरावदादांचा फोन वहिनींना. पहाटे, कधी त्याच्याही आधी. मग वहिनी एकेका घराला फोन लावणार, आणि तशाच शाळेत शिकवायला जाणार. व्हिडिओ कॉलवर बघितलं, चेहरा पार उतरून गेला होता.

"दुसऱ्या कोणाला सांगा ना," मी म्हटलं.

"यायनं चालू केलेलं आहे भाऊजी. मी कशी बंद करू?"

मी पुण्याहून सुट्टी टाकून आलो. मोठ्या तोऱ्यात. प्रोग्रामची कॉपी त्यानं मला मागेच पाठवली होती.

नवी डिस्क घालून त्याचीच सिस्टिम चढवली. पण प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला, ती भाषा त्या सिस्टिमवर रेडीमेड मिळत नाही. सोर्स कोड आणून स्वतः बिल्ड करावी, म्हणजे त्या मशीनवरच बनवून घ्यावी लागते.

बिल्ड लावलं. एरर. परत लावलं. परत एरर.

भानगड अशी, की लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणारा त्या भाषेचा कंपायलरही त्याच भाषेत लिहिलेला. नवा बनवायला जुना हवा. आणि दीपकनं खटपट करून बनवलेला जुना डिस्कसोबत गेला. माझ्या लॅपटॉपवरचा तिथं चालेना.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे विरजणासारखं?"

"हाव. एकदम तसंच."

"मंग आपलं विरजण नासलं त आपण ज्याच्या घरी देल्लं असन, तिथूनच आणतो न. यायनं कोणाले देल्लं व्हतं काय?"

दिलं असणारच. न मागता देण्याची खोडच होती त्याला.

मग आठवला तो फिनलंडवाला. त्याच सिस्टिमच्या नादी लागलेला. दोघं कधी भेटले नाहीत, पण दीपक त्याला "माहा दोस्त" म्हणायचा आणि आम्ही फिदीफिदी हसायचो.

जुन्या मेलमधून त्याचा पत्ता काढला. त्याला लिहिलं. दीपक गेल्याचंही त्याला माझ्याच मेलमधून कळलं.

त्याचं उत्तर आलं: "वर्षभर मला वाटत होतं, तो माझ्यावर रागावलाय. त्यानं दिलेलाच कंपायलर मी अजून वापरतो. परत पाठवतोय."

फाइल उतरवली, चालवली. स्क्रीनवर व्हर्जनचा नंबर, आणि खाली कोणी कुठं बिल्ड केलं त्याची ओळ. दीपक, अमडापूर.

वहिनी ती ओळ वाचत उभ्या राहिल्या. मी रडलो. त्यात काय लपवायचं.

नंतर बिल्ड लावलं ते दुपारभर घरघरत राहिलं आणि एकही एरर न देता संपलं. वर्षभर छातीवर काहीतरी बसलं होतं, ते उठलं.

आज सकाळी माझा मोबाइल वाजला.

"वेशीकडच्या गल्लीत पाणी आलं आहे."

बाहेर आलो. सगळी गल्ली भांडी घेऊन नळावर, आणि वहिनींचं दार बंद.

शेजारच्या काकूंनी विचारलं, "बरं नाही काय मॅडमले?"

"बरं आहे. झोपल्यात."

"मंग झोपू दे तिले," काकू म्हणाल्या, आणि वहिनींचा ड्रम त्यांनीच भरून टाकला.

दीपक, विरजण आलं परत. आता एक कॉपी माझ्याकडेही आहे.

वहिनी झोपल्यात. तूही नीज आता.

जय भीम, दोस्ता.