माठातली बॅटरी

आमच्या घरात माठ एकच. गेल्या उन्हाळ्यात त्यात बॅटरी राहायला होती आणि आम्ही माणसं स्टीलच्या टाकीतलं कोमट पाणी पीत होतो.

बॅटरी अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या ड्रिल मशीनची. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून ते निवृत्त झाले तेव्हा सोबत्यांनी शाल-नारळाबरोबर हे बिनवायरचं मशीन दिलं. शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली. मशीन मात्र अप्पांनी सोलापूरपर्यंत मांडीवर घेऊन आणलं. शुक्रवार पेठेतल्या आमच्या दारात आईने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मग अप्पांनी त्याची इंग्रजी पुस्तिका माझ्याकडून वाचून घेतली. बॅटरी तापलेली असताना चार्जिंगला लावू नये. उन्हात ठेवू नये. पूर्ण उतरू देऊ नये. बरेच दिवस ठेवायची तर अर्धीच भरून ठेवावी. अप्पा हे नियम चतुर्थीच्या उपासासारखे पाळायला लागले. पुस्तिका लिहिणारा मे महिन्यात सोलापूरला आलेला नसावा. इथे सावलीसुद्धा तापते.

त्यात ताई बाळंतपणाला माहेरी येणार होती. नववा लागला होता, पायांना सूज होती, आणि फोनवर ती एकच विचारायची, "गरम लई आहे का गं?" अप्पांनी तिच्या खोलीसाठी कूलर आणला. खिडकीखाली लोखंडी स्टँड ठोकायचा, त्यावर कूलर. भिंतीला चार भोकं हवी होती.

"जेवायच्या आत लावतो," अप्पा म्हणाले.

भिंत काळ्या दगडाची. मशीन किंचाळलं, अख्खी गल्ली जागी झाली, दगडाला नखभर खळगा पडला आणि बॅटरी तापली. चार्जरला लावली तर लाल दिवा लुकलुकायला लागला. म्हणजे ती निवेपर्यंत चार्ज होणार नाही. ती निवायची थेट दुसऱ्या दिवशी पहाटे. मग पुन्हा किंचाळणं, पुन्हा नखभर खळगा, पुन्हा ताप.

अप्पा दिवसभर तिच्यावर उलटा हात ठेवून बघायचे. "अजून कणकण हाय," असं सांगायचे.

"मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवू का?" आई विचारायची. ती चेष्टा करत होती की खरंच विचारत होती, ते मला आजही माहीत नाही. अप्पांनी मात्र बॅटरी पोटाशी धरली. त्याच दुपारी त्यांनी माठ रिकामा करून पुसला, भोवती ओलं पोतं गुंडाळलं, आत कोरडं फडकं अंथरलं आणि बॅटरीला निजवलं.

"अप्पा, त्यापेक्षा कूलरच्या हवेत ठेवली तर पटकन निवेल की," मी वैतागून म्हणाले.

त्यांनी खरोखर विचार केला. "व्हय. पण कूलर लावायला भोकं पायजेत. भोकांना बॅटरी पायजे. आन् बॅटरीला कूलर पायजे." मलाच एवढं साधं कळत नाही, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं.

शेजारच्या आजोबांकडे वायरचं दणकट मशीन होतं. ते रोज कठड्यावरून विचारायचे, "देऊ का?" अप्पा रोज म्हणायचे, "नको. आमचं हाय की." मला भयंकर राग यायचा. पण एक गोष्ट दिसतही होती. निवृत्त झाल्यापासून घरात त्यांना कुणी काही करूच दिलं नव्हतं. आईने तर भाजीची पिशवीसुद्धा हातातून काढून घेतली होती. लेकीचा कूलर हे त्यांना मिळालेलं पहिलं काम होतं.

ताई आली तेव्हा भिंतीला अडीच भोकं होती. ती घामाने निथळत होती. मी पुढे केलेलं कोमट पाणी तिने नाकारलं, स्वतः माठापाशी गेली, झाकण काढून ओगराळं आत घातलं. टक् आवाज आला. ती वाकून बघत राहिली.

"पुढच्या जन्मी या घरात बॅटरी म्हणून येईन," ती म्हणाली आणि खाली बसून रडायला लागली.

हसलं कुणीच नाही. अप्पांनी चपला घातल्या आणि शेजारी गेले. वायरचं मशीन घेऊन आले आणि चहाला उकळी यायच्या आत भोकं पाडून मोकळे झाले. कूलर लागला, ताई त्याच्यासमोर आडवी झाली. हवेच्या कडेला, तिला अडचण होणार नाही अशा बेताने, अप्पांनी बॅटरी चार्जरसकट ठेवली. थोड्या वेळाने दिवा हिरवा झाला. वरातीमागून घोडं.

"झाली बघ फुल्ल," अप्पा म्हणाले. "आन् आता काम न्हाय."

ते स्टुलावर बसून होते, हातात ती भरलेली बॅटरी. मला फार वाईट वाटलं.

"पाळण्याचा हूक राहिलाय की, अप्पा," ताई डोळे न उघडता म्हणाली.

"बाळ यायच्या आधी पाळणा टांगत न्हाईत," आईने आतून बजावलं.

म्हणजे थांबणं आलं. आणि थांबायचं तर बॅटरी अर्धी हवी. संध्याकाळी अप्पा अंगणात उभे राहून आभाळाकडे मशीन रोखून चालवत होते.

"काय पाडताय?" शेजारच्या आजोबांनी विचारलं.

"काय न्हाय. अर्धी करतोय."

आजोबांनी मान डोलावली आणि आत गेले.

मुलगी झाली. बारशाच्या सकाळी अप्पा स्टुलावर चढले. स्लॅब दगडापेक्षा मऊ निघाला. बाळ पहाटेपासून रडत होतं, आईच्या मांडीवर नाही, ताईच्या खांद्यावर नाही. मशीन सुरू झालं आणि ते गप्प झालं. मशीन थांबलं, रडू सुरू. पुन्हा मशीन, पुन्हा शांत.

हूक लागला. पाळणा टांगला. अप्पांनी मशीनचं टोक काढून ठेवलं, पाळण्याशेजारी बसले आणि नुसत्या हवेत मशीन चालवत राहिले. बॅटरीवरचा शेवटचा दिवा लुकलुकायला लागला.

"अप्पा, पूर्ण उतरतेय. पुस्तिकेत लिहिलंय की..."

"पुस्तक गेलं उडत. झोपतीया ती."

मशीनचा आवाज हळूहळू जड झाला आणि बंद पडला. बाळ झोपलं होतं. अप्पांनी सवयीने बॅटरीला उलटा हात लावला, चटका बसला तसा झटकन काढला. बॅटरी तिथेच फरशीवर ठेवली. मग तोच उलटा हात नातीच्या कपाळावर टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"गार हाय," ते म्हणाले.