वरपर्यंत न पोचलेली तक्रार

अरविंद सबनीस गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. बडोद्यात अलकापुरीतल्या बँकेत भेटलेल्या एका जुन्या सहकाऱ्यानं सहज विचारलं, "सबनीस ऑफ थई गया, खबर छे ने?" खबर नव्हती. त्याचं गोत्रीतलं घर माझ्या घरापासून स्कूटरवर पंधरा मिनिटांवर... आणि मी नऊ वर्षं तिकडे फिरकलो नव्हतो.

आम्ही दोघं बडोद्यातच इंजिनिअरिंग शिकलो. मी विद्यापीठात शिकवायला लागलो, तो गाड्यांच्या कारखान्यात गेला. कारखाना बंद पडला तेव्हा मी विभागप्रमुख होतो. मीच त्याला तासांवर शिकवायला बोलावलं. पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये चहा पिताना तो म्हणाला, "मधू, ब्रेक लावला की आमची गाडी डावीकडे ओढायची. गिऱ्हाइकांची पत्रं माझ्याच टेबलावर यायची. पण वरच्यांना सगळं छान चाललंय असंच ऐकायची सवय... मग मी 'किरकोळ तक्रारी' असं लिहून पुढे पाठवायचो. कारखाना आम्ही असाच बुडवला रे." हे तो दुसऱ्या कुणाजवळ बोलला नव्हता.

पुढच्या वर्षी तपासणी समितीसाठी विभागाचा अहवाल करायचा होता. दोन प्रयोगशाळा बंद पडलेल्या, आम्ही शिकवत होतो ती यंत्रं मकरपुऱ्याच्या कारखान्यांत कुणी वापरत नव्हतं, आमची मुलं कामाला लागल्यावर सगळं नव्यानं शिकत होती. मी लिहिलं, 'सुविधा समाधानकारक'. बैठकीत सबनीस उभा राहिला. "आपण खरं लिहू या. पदवी हातात दिली की आपलं काम संपलं, असं आपण धरून चालतो. आमचंही तेच होतं. गाडी फाटकाबाहेर गेली की संपलं."

समोर वीसेक माणसं होती. मला राग आला... आणि त्यानं विश्वासानं सांगितलेलं मी चारचौघांत काढलं. "गिऱ्हाइकांच्या तक्रारी दाबून स्वतःचा कारखाना बुडवलास, आणि आता आम्हाला शिकवतोस?"

सगळे हसले. तो चिडला नाही. "बरोबर आहे," म्हणाला, "म्हणूनच सांगतोय."

पुढच्या सत्रात त्याचे तास मी दुसऱ्याला दिले. अहवाल मंजूर झाला. मी निवृत्त झालो तोवर वर्गातली निम्मी बाकं रिकामी पडली होती. तरी निरोपाच्या समारंभात मी गळ्यात हार घालून घेतला. त्याला एक फोन करणं मला जमलं नाही.

तेराव्यानंतर धीर करून त्याच्या घरी गेलो. सुधावहिनींनी चहा दिला. एका शब्दानं बोल लावला नाही, ते जास्त लागलं. बाहेरच्या खोलीत मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात काम करणारी मुलगी बसली होती. रविवारी सकाळी सबनीस त्या खोलीत चार-पाच जणांना नवी ड्रॉइंग वाचायला शिकवायचा, असं तिच्याकडूनच कळलं. तिनं मला ओळखलं. मी तिला ओळखलं नाही... दोन वर्षं ती माझ्या वर्गात होती.

"माझ्याकडे काय शिकलीस?" मी विचारलं.

तिनं वहिनींकडे पाहिलं. "सांग गं," वहिनी म्हणाल्या, "ह्या खोलीत सगळे खरंच बोलतात."

"पास व्हायला, सर," ती हळूच म्हणाली.

मी मान खाली घातली. मग म्हटलं, "अजून सांग." ती तासभर सांगत राहिली, आणि मी एकदाही मध्ये बोललो नाही.