मागून येणारी सायकल

प्रेमानंद गजभिये आमच्या ग्रुपमध्ये आले तेव्हा त्यांना निदान सायकलचा तोल सांभाळता येत होता. आम्हा बाकीच्यांचं तेही नक्की नव्हतं. मी मयुरा, नागपुरात मानेवाड्याच्या एका शाळेत गणित शिकवते. चाळिशीत गुडघे कुरकुरायला लागले म्हणून सायकल घेतली आणि एकटीनं चालवायचा कंटाळा येतो म्हणून व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. नाव ठेवलं 'पहिले पाच किलोमीटर'. सकाळी जेवढी चालवली तेवढी लिहायची आणि जे बिघडलं तेही लिहायचं, एवढाच नियम. कोणी फुशारकी मारू नये म्हणून दुसरा भाग मी मुद्दाम घातला होता.

त्यामुळे ग्रुपवर जे यायचं ते असं. चेन उतरली, काळे हात घेऊन ऑफिसला गेले. रिंग रोडच्या कुत्र्यांनी आजही धरलं. सीट बदलली, दुखणं तेच. अमोल नावाचा एक मेडिकलवाला होता. तो गिअर बदलायच्या नादात दिघोरीच्या चौकात भाजीच्या ठेल्यात शिरला. चिरडलेल्या वांग्यांचा फोटो त्यानं स्वतःच टाकला.

गजभिये काका अठ्ठावन्न वर्षांचे होते. उभं आयुष्य ट्रक चालवण्यात गेलं, त्यातली बरीच वर्षं उमरेडच्या खाणीतला कोळसा कन्हानकडे नेण्यात. पुढे नजर कमी झाली, ट्रक सुटला, घरी बसून शुगर वाढली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तर तळपायांना मुंग्या येत. मग पुण्याच्या मुलानं सायकल पाठवली. दिघोरीच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत.

त्यांचा मेसेज ठरलेला असे. "जय भीम. आज ४ किमी. शुगर २८०." मग पाच, मग सहा. एक दिवस मात्र आलं, "जय भीम. आज ७ किमी. मागून सायकल होती."

अमोलनं विचारलं, "कोण होतं काका?"

"माहीत नाही. पुढे गेला नाही."

तीन दिवसांनी पुन्हा तेच. नंतर आठवड्यातून दोनदा तरी. ग्रुपवर थट्टा सुरू झाली. काकांना पार्टनर मिळाला, काका आम्हालाही भेटवा. काका आपले किलोमीटर आणि शुगर लिहीत राहिले.

डिसेंबरात आम्ही सगळे मिळून पहिल्यांदा निघालो, आउटर रिंग रोडनं वीस किलोमीटर. कोणी मागे सुटू नये म्हणून मी सगळ्यात शेवटी होते आणि माझ्यापुढे काका. त्यांच्याइतक्या डावीकडून सायकल चालवणारा माणूस मी पाहिला नाही. डांबर सोडून मुरुमातच चाक. मधेच त्यांचा वेग कमी झाला आणि मी थोडी पुढे गेले. परत वळून पाहिलं तर ते एकटेच सायकलवरून उतरून कडेला उभे होते आणि हात हलवून कोणाला तरी 'जा, पुढं जा' म्हणत होते.

त्यांच्या मागे रस्ता सरळ होता. अर्ध्या किलोमीटरपर्यंत दिसत होता. रिकामा.

मी परत गेले. "कोणाला हात करता काका?"

"मागच्याले." त्यांनी मागे पाहिलं. "उतरला असंन कुठं." आणि पुन्हा बसले. त्या वीस किलोमीटरांत ते चार वेळा असे उतरले.

परतताना मी त्यांच्या शेजारी सायकल घेतली आणि नक्की काय ऐकू येतं ते विचारलं.

"फ्रीव्हील. पायडल मारणं थांबवलं का टिकटिक वाजते ना, ते. माह्या मागं वाजते."

"ते तुमचंच असेल."

"मीबी तेच समजलो पहिले. मंग न थांबता चालवून पाहिलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पायडल मारत राहिलं तं आपलं फ्रीव्हील वाजत नाही, ताई."

हे खरं होतं. घरी येऊन मी स्वतः करून पाहिलं.

जानेवारीत पन्नास किलोमीटरचा बेत ठरला. कोणी काटोल रोड म्हणालं, कोणी कामठी. शेवटी उमरेड रोड ठरला, रविवारी पहाटे निघायचं. सगळ्यांचे अंगठे आले. त्या दुपारी ग्रुपवर एकच ओळ दिसली, की प्रेमानंद गजभिये ग्रुप सोडून गेले. फोन लावला, उचलला नाही. शाळा सुटल्यावर मी दिघोरीला त्यांच्या घरी गेले.

त्यांनी बिनसाखरेचा चहा केला. सायकल खोलीतच भिंतीला टेकवलेली होती, पुसून लख्ख. बराच वेळ ते इकडचं तिकडचं बोलले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "त्या रस्त्यानं मी तेवीस वर्षांत गेलो नाही."

आणि मग त्यांनी सांगितलं.

"दोन हजार एकचा जानेवारी. गाडी कन्हानले खाली करून उमरेडकडं चाललो होतो. उजाडून राहिलं होतं, पण धुकं असं का बोनेटच्या पुढं दहा पावलं दिसे. एकदम समोर सायकलवाला. डोक्याले लाल मफलर, कॅरियरवर पोतं. तोबी उमरेडकडंच चालला होता. मी हॉर्न मारला, तो डावीकडं सरला, मी गाडी काढली. अन् आरशात पाहिलं. सायकल नव्हती."

"धुक्यात दिसली नसेल."

"दहा पावलं दिसत होतं, ताई. मी लगेच पाहिलं."

"धडकल्याचा आवाज?"

"रिकामा ट्रक इतका खडखडते का लागलं तरी समजत नाही. लागलं नसंन तरी समजत नाही." त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. "ब्रेकवर पाय ठेवला होता मी. ठेवला अन् उचलला."

पुढचे आठ दिवस ते पेपर पाहत होते. काही आलं नाही. महिन्याभरात त्यांनी मालकाकडून दुसरा रस्ता मागून घेतला. पोलीस आले नाहीत, कोणी दारात आलं नाही. "कोणी आलं असतं तं बरं झालं असतं," ते म्हणाले. "ट्रकमधी कधी आवाज आला नाही. सायकलवर बसलो अन् सातव्या किलोमीटरले तो आला."

मी शिकवणारी बाई. प्रश्न असला की उत्तर काढायचं, एवढंच मला येतं. मी म्हणाले, "आपण जाऊन विचारायचं का? तो वाचला असेल. कदाचित नुसता वळून शेतात गेला असेल."

ते उठले, दोन्ही कप धुतले, उपडे घातले. मग म्हणाले, "ग्रुपसंगं नको. आपण दोघंच."

ग्रुपची पन्नासची फेरी झाल्यावर, त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही दोघं निघालो. दिघोरी सोडताना त्यांनी मला एक गोष्ट मागितली. "तुम्ही माह्या मागं राहा. आवाज आला तं तुमचाच आहे समजीन."

तीस-बत्तीस किलोमीटर मी त्यांच्या पाठीकडे पाहत चालवली. ट्रक जवळून गेला की त्यांचे खांदे वर जात. एकदाही ते उतरले नाहीत. माझ्या पायांत गोळे येत होते, तरी जोर लावून जवळ जायची आणि मग पायडल मारणं थांबवायची, मुद्दाम, म्हणजे माझं फ्रीव्हील वाजत राहील आणि त्यांना ऐकू जाईल.

चांप्याच्या पुढे एका वळणावर ते थांबले. म्हणाले, इथंच कुठं तरी. रस्ता आता रुंद झाला होता, जुनी झाडं गेली होती, त्यांनाही ओळख पटत नव्हती. चहाच्या टपरीवर एक म्हातारा बसला होता. काकांनी त्याला विचारलं, वीस-बावीस वर्षांमागं इथं कोणी सायकलवाला ट्रकखाली आला होता का.

"खाली नाही आला," म्हातारा म्हणाला. "पार्वतीबाईचा माणूस. ट्रकच्या हवेनं नालीत गेला होता. हिवाळ्याची गोष्ट. घर तिकडं आहे, आंब्यापाशी."

काका सायकल हातात धरून चालत निघाले. मला त्यांच्या बरोबरीनं चालताना जवळजवळ पळावं लागलं.

पार्वतीबाई अंगणात उन्हात बसून लाल मिरच्यांची देठं खुडत होती. पासष्टीच्या पुढची असावी. मिरचीचा खकाणा घशात गेला आणि मला खोकला आला. तिनं पाण्याच्या घागरीकडे बोट दाखवलं. काका बसले नाहीत. त्यांनी काही चौकशीही केली नाही.

"बाई, तुमच्या माणसाले ज्या ट्रकनं पाडलं तो मी चालवत होतो."

तिचे हात आणखी दोन-तीन मिरच्या खुडत राहिले. मग थांबले.

"सकाळी पडला तो," ती म्हणाली. "दुपारी काढला लोकाईनं. थंडीत, नालीच्या पाण्यात. पाय गुडघ्याखालून काढला. डॉक्टर म्हणे, लवकर आणला असता तं पाय राहिला असता. मंग नऊ वर्ष जगला. खाटेवर बसून मले एकच विचारे. काहून नसंन थांबला वं तो? मी काय सांगू? ट्रक मी चालवत होतो काय?" तिनं पदरानं हात पुसले. "आता तुम्ही सांगा."

मला वाटलं काका घाबरलो म्हणतील, किंवा दिसलं नाही म्हणतील.

"मले वाटलं, मागून कोणी येईन. तो थांबंन."

"मागच्यालेबी तसंच वाटलं असंन," पार्वतीबाई म्हणाली.

ती चिडली नाही. तिनं काकांना समोरची खाट दाखवली आणि यावेळी ते बसले. बसल्यावर ते तिला सगळं सांगत सुटले, धुकं, आरसा, ब्रेकवरचा पाय. आणि मग सायकलचं. इतके दिवस त्यांनी फक्त मला सांगितलेलं, ते त्यांनी त्या परक्या बाईला सांगितलं, की तो माझ्या मागून येतो.

"कसा येते आवाज?"

काकांनी जिभेनं करून दाखवला. टिकटिकटिक.

ती ऐकत राहिली. मग मान हलवली. "माह्या माणसाच्या सायकलची चेन घासत होती. करकर करे. गावात शिरला का मले चुलीपाशी समजे. टिकटिक नाही." ती काकांकडे नीट पाहायला लागली. "तुमचावाला कोणीकडं चालला होता?"

"उमरेडकडं."

"डोक्याले?"

"लाल मफलर."

"हा नागपूरकडं चालला होता. भाजी घेऊन. अन् मफलर त्यानं कधी बांधला नाही, टोपी घाले." तिनं मांडीवरची देठं झटकली. "तुमचावाला दुसरा आहे, भाऊ."

काका खाटेवरून उठले नाहीत. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. अर्ध्या तासापूर्वी त्यांना एक नाव मिळालं होतं, घर मिळालं होतं, माफी मागायला समोर माणूस मिळालं होतं. मला त्या क्षणी पार्वतीबाईचा राग आला, हे खरंच सांगते. तिनं काही न बोलता राहू दिलं असतं तर तिचं काय गेलं असतं, असं वाटलं.

निघताना तिनं काकांच्या हातात कागदात बांधून मूठभर मिरच्या दिल्या. म्हणाली, "माहावाला ट्रकवाला तं काही येणार नाही. तुम्ही सांगितलं तेच त्याचं समजतो मी." आणि पुन्हा देठं खुडायला बसली.

परतीच्या वाटेवर ते पुढे, मी मागे. पाचगावजवळ त्यांनी वेग कमी केला आणि मला शेजारी येऊ दिलं.

"मंग माहावाला कोण होता?" त्यांनी विचारलं.

तो वळून शेतात गेला असेल, हे पुन्हा म्हणायचं माझ्या ओठावर होतं, पण मी म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ग्रुपमध्ये परत घेतलं. त्यांनी लिहिलं, "जय भीम. काल ६६ किमी." सगळे अवाक झाले. अमोलनं लिहिलं, काका, वीसवरून थेट सहासष्ट?

तेव्हापासून ते दर रविवारी उमरेड रोडला जातात. पहाटे निघतात, रस्त्यालगतच्या एकेका गावात उतरतात, टपरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारतात. मी तीन-चारदा सोबत गेले, मग शाळेच्या परीक्षा आल्या आणि माझं जाणं राहून गेलं. त्यांचं नाही. गावं संपत गेली तसं अंतर वाढत गेलं. सत्तर, अठ्ठ्याहत्तर. एका रविवारी त्यांनी लिहिलं, "मागचं टायर पंक्चर. एका गावात अर्धा तास थांबलो. तिथं कोणी नाही." लोकांनी त्यांना पंक्चरचं किट कुठं मिळतं ते सांगितलं.

शुगर आता एकशे चाळीसवर आली आहे. डॉक्टर त्यांचं उदाहरण दुसऱ्या पेशंटांना देतात. ग्रुपमध्ये नवीन कोणी आलं की अमोल त्याला काकांचे जुने मेसेज दाखवतो, बघा, चार किलोमीटरवरून सुरुवात केली होती या माणसानं.

परवाच्या रविवारी त्यांनी लिहिलं, "जय भीम. आज ८४ किमी. उजव्या बाजूची गावं झाली. पुढच्या आठवड्यापासून डावीकडची."

तेरा अंगठे आले. त्यातला एक माझा होता.