यकृतातले कडे दाखवणाऱ्या मुजावर मॅडम

डॉ. मुजावर मॅडमना मी प्रथम पाहिले ते मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या. मी नुकतीच नोकरीला लागले होते. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "बस. आधी बघायला शीक, नाव नंतर दे." या वाक्याचा अर्थ मला कळला तो पुढे एका रुग्णामुळे.

शिराळ्याकडचे एक निवृत्त सुभेदार महिनाभर तापाने खंगत चालले होते. यकृतात बारीक ठिपके दिसत होते. घरच्यांनी कर्करोगाचा धसका घेतला होता. यकृताचा तुकडा आमच्याकडे आला. कर्करोग नव्हता. पेशींच्या गाठी दिसल्या आणि मी घाईने लिहिले: क्षय.

मॅडमनी अहवाल थांबवला, मला शेजारी बसवले. "यकृतात ठाण मांडून बसलेल्या भक्षक पेशी रक्तातले जंतू गिळतात. काही जंतू गिळले तरी मरत नाहीत. मग या पेशी फुगतात, मदत बोलावतात, एकमेकींना बिलगून जंतूंना मध्ये कोंडतात. बाहेरून या गोल, काळसर पेशींचं कडं. बघ, यांना हुकूम देणारं कुणीच नाही."

मी पाहतच राहिले. ज्याला मी नुसता रोग समजले होते, तिथे एका माणसाला जगवायची धडपड चालली होती.

"पण आत कोण कोंडलंय, ते काचपट्टीवर लिहिलेलं नसतं," मॅडम म्हणाल्या. "क्षयात बहुधा गाठीचा मधला भाग मरतो. इथं तो शाबूत आहे. चल, सुभेदारांनाच विचारू."

दुखऱ्या गुडघ्यांनी त्या दोन जिने चढल्या. "सुभेदारसाहेब, घरी जनावरं आहेत?"

"व्हय की. म्हस गाभडली तवा वार म्याच हातानं काढली."

मॅडम माझ्याकडे वळल्या, "गर्भ पडलेल्या जनावराची वार उघड्या हातांनी काढली की तिच्यातले जंतू माणसात येऊ शकतात." रक्ततपासणीत जनावरांकडून येणारा ब्रुसेला हा जंतू सापडला. औषधे बदलली, ताप उतरला. काही आठवड्यांनी सुभेदार आपल्या पायांनी प्रयोगशाळेत आले आणि त्या गाठी बघायचा हट्ट धरून बसले. मॅडमनी पेशींचे कडे समजावून सांगितले, तसे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते हळूच म्हणाले, "आवं मॅडम, मी पडून हुतो, आन् ही समदी उभी हुती."

त्या दुरुस्त अहवालावर मॅडमनी स्वतःच्या आधी माझी सही घेतली. माझी चूक त्यांनी कधीच कुणाला सांगितली नाही. आज मीच सांगते आहे.

मॅडम पंच्याहत्तर वर्षांच्या होत आहेत. सांगली-साताऱ्याचे डॉक्टर अडले की अजूनही तपासणीच्या काचपट्ट्या त्यांच्याकडेच पाठवतात. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, गुडघ्यांनी साथ द्यावी. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता, "नवीन काही आलंय का गं?" हा प्रश्न आम्हाला अजून पुष्कळ वर्षे ऐकायला मिळो.