गोंड्याचं पायताण

माणसाला देवानं तोंड उगीचच दिलंय, त्याची खरी ओळख पायताणाच्या तळाला असते, असं छातीठोकपणे सांगणारी बाई उभ्या कोल्हापुरात एकच आहे आणि ती आमच्या घरात राहते. आमच्या ह्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या थोरल्या वन्सं. घरात चपला शिवायचं काम मागच्या कितीतरी पिढ्यांचं. हे तळ कापतात आणि ठोकतात, मी पट्ट्यावरची वेणी घालते, आणि वन्सं आम्हा दोघांच्या चुका काढतात. तशा त्या शिवतातही, आणि त्यांच्यासारखा टाका गल्लीत कुणाचा नाही. पण त्यांचा जीव रमतो तो चुका काढण्यातच. मी घातलेली प्रत्येक वेणी त्या दोन्ही हातांनी ओढून बघतात. गेली सव्वीस वर्षं बघतायत. एकदाही सुटलेली नाही, तरी ओढतात, आणि सुटली नाही याचा थोडा रागच आल्यासारखं करून "बरी हाय" म्हणतात.

दारात पावणं आलं की वन्सं त्याच्या तोंडाकडं बघत नाहीत. "या, बसा" म्हणतानाही त्यांची नजर उंबऱ्याबाहेर असते. पावणा आत चहाची बशी तोंडाला लावतो, तेवढ्यात वन्सं बाहेर जाऊन त्याच्या चपला उलट्या करतात आणि उजेडाला धरून वाचतात. वाचतात असंच म्हणायला पाहिजे, कारण पाटीवरचं अक्षर त्यांना येत नाही, पण तळावरचं येतं. माझ्या लेकीला गगनबावड्याकडचं स्थळ आलं होतं. मुलगा देखणा. त्याचे मामा सांगत होते की ह्याचं काम फिरतीचं, दिवसभर पायाला जरा म्हणून उसंत नसते. वन्सं बाहेरून आल्या त्या मुलाची डावी चप्पल हातात घेऊनच. भर बैठकीत त्यांनी ती मामांच्या नाकासमोर धरली. "पावणं, ह्यो तळ बघा. कोरा! आन् अंगठ्याची वरची बाजू तेवढी घासल्याली. पोरगं चालत न्हाय, निस्तं मोटरसायकलचं गिअर टाकत हिंडतंय." मंडळी पोहे अर्धे टाकून उठली. मला भुईत शिरावंसं वाटलं. पुढं पन्हाळ्याकडचा मुलगा आला, त्याच्या दोन्ही टाचा सारख्या झिजलेल्या होत्या. "सरळ चालतोय. द्या पोरगी," एवढंच वन्सं म्हणाल्या. लेक सुखात आहे, त्यामुळं त्यांना आता कुणी काही बोलू शकत नाही.

माझी निवडही अशीच झाली. मला बघायला आले तेव्हा मी मान खाली घालून बसले होते आणि नाव विचारलं तरी तोंडातून शब्द फुटेना. मुलगी मुकी आहे की काय, अशी कुजबुज सुरू झाली. वन्सं तेवढ्या उठून बाहेर गेल्या. माझी चप्पल तुटलेली होती आणि मीच तिला दाभणानं टाके घातले होते, ते त्यांनी बघितले. आत येऊन म्हणाल्या, "बोलत न्हाय त्ये बरंच हाय, आमच्यात बोलायला मी हाय की. पोरगी टाका घट्ट घालती. ठरलं." त्यांचं स्वतःचं लग्न मात्र वर्षभरच टिकलं. का मोडलं, हे विचारायचा धीर मी एकदाच केला. म्हणाल्या, "त्याची पायतानं कधी घराकडं तोंड करून नसायची बघ." 

अशा बाईला जन्मात एकच शिष्य मिळाला, तो गोंड्या. बारा वर्षांपूर्वी चामड्याच्या तुकड्यांच्या ढिगात कुत्र्याचं एक तांबडं पिल्लू येऊन पडलं आणि त्यानं आल्या आल्या एका नवरदेवाच्या चपलेचा लाल गोंडा चावून गिळला. हे काठी शोधायला लागले. वन्संनी पिल्लू उचललं, चारी तळवे उलटे करून बघितले आणि "चांगल्या पायाचं हाय" असं सांगून ठेवून घेतलं. नाव आपोआप पडलं. मोठा झाल्यावर गोंड्यानं आपलं काम आपणच ठरवलं. पावणा आत गेला की हा त्याच्या चपलांवर अंग टाकून बसतो. मग वन्संचा निकाल लागेपर्यंत पावण्याला निघताच येत नाही. एकदा वीज मंडळाचा माणूस दोन तास अडकून पडला होता. त्याला आम्ही जेवायलाच वाढलं.

दर रविवारी दुपारी वन्सं गोंड्याचे पाय मांडीवर घेऊन बघतात. यंदा दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यांनी मागचा डावा पाय धरला तो सोडेचनात. "ह्येची मधली दोन नखं झिजल्यात. वरनं झिजल्यात. ह्यो पाय उचलत न्हाय, वडतोय."

हे तळ ठोकता ठोकता म्हणाले, "आक्का, म्हातारा झालाय त्यो."

"म्हातारपन काय येका पायाला येतंय व्हय रं? चारी पायांस्नी येतंय की! ह्ये दुसरंच कायतरी हाय."

आठच दिवसांत पायरी चढताना तो पाय दुमडायला लागला. पाठीवर हात ठेवला की गोंड्या कळवळायचा. शेपटी लुळी पडली. वन्संनी रिक्षा बोलावली, गोंड्याला मांडीवर घेतलं आणि मलाही बरोबर बसवलं. राजारामपुरीतल्या पहिल्या दवाखान्याच्या दारातूनच त्या मागं फिरल्या, कारण डॉक्टरांचे बूट कोरे होते. "ह्यो बसून तपासतोय," म्हणाल्या. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच. दुसऱ्या ठिकाणी एक तरुण डॉक्टरीणबाई खाली वाकून एका मांजराला धरत होत्या आणि त्यांच्या सँडलच्या टाचा पार बसलेल्या होत्या. "हितंच," वन्सं मोठ्यानं म्हणाल्या, "ही दिवसभर हुबी ऱ्हाती." सगळा दवाखाना आमच्याकडं बघायला लागला. मी पदर पुढं ओढला. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या.

त्यांनी पाठीचा फोटो काढला आणि उजेडावर लावून दाखवला. कण्यातल्या एका मणक्याची कड कुरतडल्यासारखी दिसत होती. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दोन गोष्टी असू शकतात, आजी. एक तर जंतूंची लागण, ती औषधानं बरी होते. नाहीतर कॅन्सर. वय बघता मला त्याचीच भीती जास्त वाटते. नक्की कळायला पुण्याला मोठ्या मशीनमध्ये तपासावं लागेल. पण त्यासाठी पूर्ण भूल लागते, आणि ह्या वयात त्यातही धोका आहे."

"असू शकतो म्हंजे हाय, असं न्हाय न्हवं?"

"नाही. पण नाहीच, असंही सांगता येत नाही."

"मग मी बी आत्ताच रडत न्हाय. जंतूचं औषध द्या."

महिनाभर औषध देऊन बघायचं ठरलं. कसा चालतो त्यावर लक्ष ठेवा, असं बाईंनी सांगितलं. वन्सं म्हणाल्या, "लक्ष कशाला? त्येला पायतान घालतो मी. तळच सांगंल."

घरी आल्यावर त्यांनी मागच्या दोन पायांची मापं घेतली आणि आमच्या घराच्या रिवाजाप्रमाणं दुहेरी, जाड तळाचा जोड शिवला. गोंड्या त्यात खिळ्यानं ठोकल्यासारखा उभा राहिला, आमच्याकडं बघितलं आणि बसकण मारली. कुणी गिऱ्हाईक पातळ तळाची चप्पल मागायला आलं, तर "पापड पायजे असंल तर वाण्याकडं जावा" असं ज्या सुनावतात, त्याच वन्सं रापी घेऊन बसल्या आणि तळ तासत गेल्या, तासत गेल्या, विड्याच्या पानाइतका पातळ होईपर्यंत. तो जोड घालून गोंड्या अंगणभर फिरला. सहा दिवसांत तळाला भोक पडलं. आमच्या घरची चप्पल सहा दिवसांत फाटते ही गल्लीत सांगायची गोष्ट नव्हे, म्हणून मी ती लपवायला गेले. वन्संनी हिसकावून घेतली. "झिजू दे की! झिजतंय म्हंजे चालतोय न्हवं. कोरं ऱ्हायलं तर बघ..." त्यांनी शिवायची आरी उचलली आणि दुसरा जोड घेतला.

"तू चौथी शिकलीयास न्हवं? लिही," असं सांगून त्यांनी लेकीची एक जुनी वही माझ्यापुढं टाकली. मग जोड उतरला की मी लिहायची. पहिला जोड, डावा, पुढच्या टोकाला भोक. दुसरा जोड, तसंच. तिसरा, टोकाला कमी, मधल्या भागात थोडं घासलं. चौथा, मधल्या भागात जास्त. महिना भरल्यावर वन्संनी ते चारही जोड चामड्याच्या एका वादीत ओवून गळ्यातल्या माळेसारखे हातात धरले आणि आम्ही पुन्हा राजारामपुरीत गेलो. तिथं त्यांनी मला कोपरानं ढकललं. "वाच."

मी वाचलं. चारही जोड, शब्द न गाळता. डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक जोड हातात घेऊन उलटा करून बघितला, अगदी वन्सं बघतात तसाच. पुन्हा फोटो काढला. म्हणाल्या, "वाढलेलं नाही. पण कमीही झालेलं नाही. पाय थोडा उचलतोय हे तुमच्या तळावर दिसतंय, पण ते दुखण्याच्या गोळ्यांमुळंही असेल. आजी, आता पुण्याला जाऊन एकदा नक्की करून घ्यावं असं मला वाटतं. त्याच्या तब्येतीला भूल झेपेल असं दिसतंय."

वन्सं भांडतील अशी माझी खात्रीच होती. पण त्या फोटोकडं बघत होत्या. "जायाचं," म्हणाल्या. "तळ बघितल्याबगार मानूस कळत न्हाय, तर मनका कुठला कळायला? कॅन्सर असंल तर असंल. काय हाय त्ये बघून घेऊ, आन् मग त्याच्या मापाचं शिवू."

येत्या सोमवारी जायचंय. वन्सं आजवर मिरजेच्या पुढं गेलेल्या नाहीत, पण तयारी अशी चाललीय जणू पुणंच आमच्या दारात येणार आहे. गोंड्याचं मागचं अंग उचलून धरायला मऊ चामड्याची झोळी झाली. प्रवासासाठी नवा पातळ जोड झाला, आणि "पुन्यात जायाचं आन् गोंडा नगं व्हय?" म्हणून त्याला लाल गोंडाही लागला. गोंड्यानं तो बघितला, मान वळवली, कण्हला, थांबला, पुन्हा वळवली आणि त्या लाल गोंड्याचा एक दोरा तोडलाच. गेल्या दोन महिन्यांत त्यानं एवढी मान वळवली नव्हती. वन्संनी त्याला अशा काही शिव्या दिल्या की शेजारीण आनंदानं बाहेर आली.

काल दुपारी सगळं आवरून झाल्यावर बघते तर वन्सं पुन्हा कापायला बसलेल्या. जनावराच्या पाठीचं जाड चामडं, दुहेरी, आणि त्यातून दोन चिमुकले तळ. मला राहवलं नाही. सव्वीस वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांची चूक काढली. "वन्सं, जाड हुतंय की. त्येला उचलायचं न्हाई."

मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण त्यांनी मान वर केली नाही. "आत्ता न्हाय उचलायचं. पुन्यास्नं आल्यावर उचलंल. ह्ये वरीसभर घालायचं हाय. तू वेनी घाल."

मी वेणी घातली, करंगळीएवढी, होईल तितकी घट्ट. वन्संनी ती दोन्ही हातांत धरली, दोन्ही टोकं चिमटीत घेतली. आणि न ओढताच पट्ट्यावर ठेवून शिवायला घेतली.

जोड पुरा झाल्यावर त्यांनी तो उंबऱ्यापाशी ठेवला. गोंड्या सरकत सरकत आला, वास घेतला आणि पावण्याच्या चपलांवर बसतो तसा त्याच्यावर अंग टाकून बसला. मी उचलायला वाकले, तर वन्संनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "सोमवारपतुर कुनी उठवू नगा त्येला."