चिमूटभर माती

आयुष्यात मी स्वतःच्या हाताने एकच पाटी रंगवली, आणि तीही भलत्याच माणसाच्या नावाने. अक्षर मात्र इतकं देखणं काढलं, की चूक लांबूनसुद्धा वाचता यावी.

तो माणूस तुम्हीही पाहिला असेल. गावोगाव एक असतोच. आमचा हा तिरुवैयारुच्या अलीकडचा मोठा मिरासदार, कडक इस्त्रीची पांढरी वेष्टी नेसणारा. कॅमेरा दिसला की वाकायचा, चिमूटभर माती उचलायचा, हुंगायचा आणि डोळे मिटायचा. "जिवंत आहे!" आम्हा मराठी घरांना इकडे रायर म्हणतात, म्हणून मग माझ्याकडे वळून, "रायर अम्मा, आईचा वास येतो बघा." त्याची खरी आई मागच्या खोलीत खोकत पडलेली असायची. तिच्याजवळ डोळे मिटून बसलेलं त्याला कुणी पाहिलं नाही.

मी तेव्हा चाळिशीची, तंजावरच्या एका संस्थेत नोकरीला. जुन्या जातीचं भात टिकवणारे लहान शेतकरी शोधायचे आणि त्यांच्या शेतात पाटी लावायची, हे माझं काम. पाटी असली की संस्था ते भात बाजारापेक्षा चढ्या भावाने घ्यायची. मी जाडीभरडी साडी नेसायचे, खांद्याला झोळी अडकवायचे आणि स्वतःला कावेरीची पालक समजायचे. कावेरीला कुणी विचारलं नव्हतं.

पाहणीच्या दिवशी तो आम्हाला माणसाएवढ्या उंच भाताच्या एका तुकड्यात घेऊन गेला. आजूबाजूची त्याची सगळी जमीन युरियावर पोसलेल्या बुटक्या भाताची. "एवढा तुकडा देवासारखा जपलाय," म्हणाला. बांधावर एक बाई विळा घेऊन उभी होती. "ती आपलीच," तो म्हणाला, आणि आम्ही तिच्याकडे पुन्हा पाहिलंही नाही.

आमच्या साहेबांनी त्याचा फोटो काढला. आम्ही सगळे चपला बांधावर काढून उतरलो होतो; इकडे उभ्या पिकात चपला घालून कुणी पाऊल टाकत नाही. तो एकटा चपलांसकट उभा होता. मला ते दिसलं. आणि मला वाटलं, काय हा रुबाब! अशी मी हुशार.

पाटी मीच रंगवली, आणि ती लागली.

कापणीनंतर गेले, तर संस्थेची लॉरी त्याच्या ओसरीवरून पोती भरत होती. बांधावरची ती विळा घेतलेली बाई बाजूला उभी. सेल्वी तिचं नाव.

"छान आलं हो तुझ्या मालकाचं भात," मी म्हटलं.

"मालक कोण? शेत माझं. बी माझ्या सासूचं. त्याने बाजारभावाने उचललं माझ्याकडून. तुमची लॉरी पाटी वाचून त्याच्या दारात वळते, अक्का. मला कोण विचारतो?"

"मग त्या दिवशी तोंड शिवलं होतंस?"

"पीक उभं होतं. पाणी त्याच्या शेतातून येतं. तुम्ही द्याल का पाणी?"

साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मोठी माणसं आली की लहान मागून येतात." आली होतीच की, पोती वाहत.

पुढच्या कापणीला मी रंगाचा डबा घेऊन गेले, त्याचं नाव पुसलं, सेल्वीचं लिहिलं. मग दोघींनी लॉरी बांधाशीच अडवली. तो धावत आला, रस्त्यावरूनच ओरडला, "रायर अम्मा, माती सगळ्यांची असते!"

"मग उतरा, एक पोतं उचला," सेल्वी म्हणाली.

त्याने खाली चिखलाकडे पाहिलं. त्या दिवशी काही हुंगलं नाही. पुढच्या पेरणीला त्याने तिचं पाणी अडवलं. ते तिने गल्लीतल्या बायका नेऊन, कुदळीने बांध फोडून आणलं. मी झोळी धरून उभी होते. तेवढंच मला जमायचं.

गेल्या महिन्यात तो गेला. आमच्याकडे माणूस गेला की चौकात त्याचा भलामोठा फ्लेक्स लागतो. बसस्टॉपवर मी आणि सेल्वी त्याच्याखालीच उभ्या होतो. 'मातीचा सुपुत्र', आणि साहेबांनी काढलेला तोच फोटो: मागे ते उंच भात, चिमटीत माती, डोळे मिटलेले. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणून मी काहीतरी शोधत होते. सेल्वीने मान वर करून फोटो पायापर्यंत नीट पाहिला आणि पदराने तोंड पुसलं.

"मेला तरी माझ्याच शेतात उभा आहे, अक्का. आणि बघा, अजून चपला काढल्या नाहीत."