कापसाच्या ढिगावर स्कीइंग

दुकानातल्या लक्ष्मीच्या फोटोवर हात ठेवून सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. फोटो गणपतीचा आहे, ही गोष्ट वेगळी. आणि हात फोटोवर नाही, काउंटरवर आहे. पण तेवढं सोडलं तर खरं!

अकोटला स्टँडच्या रस्त्यावर माझं कृषी केंद्र आहे. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी तिथे खताच्या पोत्यांवर आमची बैठक बसते. किस्से हे रिकाम्या पोत्यांसारखे साठतात. मुद्दाम कोणी आणून टाकत नाही, पण एक दिवस मागच्या खोलीचं दार लागेनासं होतं. मग चार बाहेर काढावे लागतात.

बैठकीत आम्ही चौघे. मी. लग्न-मुंजी लावणारे गुरुजी. शाळेत पीटी शिकवणारे, मूळचे चांदूर बाजारचे प्रमोद मास्तर. आणि भास्कर, ज्याची झेंडू-शेवंतीची बाग आहे आणि मागे थोडा कापूस.

भास्करची एकुलती एक पोरगी रेणू. अमरावतीला कॉलेजात असताना डोंगर चढायच्या शिबिराला हिमालयात गेली, परत गेली, आणि मग तिकडेच औलीला राहून टुरिस्टांना स्कीइंग शिकवायला लागली. तिथल्याच एका पोराशी तिथल्याच देवळात लग्न केलं. अख्ख्या अकोटच्या लग्नांना हार पुरवणारा माणूस, पण पोरीच्या लग्नात त्याचं एक फूल गेलं नाही. फोनवर तो एवढंच बोलला, "आता तथीच राह्य."

बापाचं ऐकणारी पोरगी. तिथेच राहिली. तीन वर्षं झाली, दोघांचं बोलणं नाही.

*

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. दुकानात मी एकटाच होतो. भास्कर आला, बसला, उठला, पुन्हा बसला. मग कीटकनाशकाच्या डब्यांकडे बघत म्हणाला, "तिकडं थंडी किती पडत असन गा?"

"कुठी तिकडं?"

"असंच. हिमालयात."

तेवढ्यात गुरुजी आणि मास्तर चहाचे कप घेऊन आले. मला काय झालं कोण जाणे, मी जाहीर करून टाकलं, "ऐकलं का? भास्करभाऊले स्कीइंग शिकाचं हाय. औलीले जाऊन राहिलो आपण!"

भास्करनं तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. आणि मिटलं.

गुरुजी म्हणाले, "स्कीइंग म्हणजे घसरायचंच ना? ते मी बाथरूममध्ये फुकट करतो!"

मास्तर हसले, आणि मध्येच थांबले. औलीला कोण राहतं ते त्यांच्या लक्षात आलं. गुरुजींच्याही आलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"कधी निघायचं?"

*

मास्तरांनी ट्रेनिंगचा भार उचलला. पीटीचा माणूस, शिट्टी गळ्यात घालूनच जन्मलेला. पहिला धडा, थंडीची सवय. त्यासाठी आम्हाला अकोल्याच्या एका बर्फाच्या कारखान्यात नेलं आणि लादीवर पोतं टाकून बसवलं.

गुरुजींनी बसल्याबरोबर स्तोत्र सुरू केलं आणि नेहमीच्या दुप्पट वेगानं संपवलं. मग उठलेच. "देव पावला," म्हणाले, "आता घरी चला."

भास्कर मात्र पोत्यावर बसलाच नाही. त्यानं नुसता पंजा लादीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"मास्तर, तथी याच्याहून थंड असते का?"

"भाऊ, हा तर त्याह्यचा उन्हाळा असन!"

कोणी हसलं नाही. पंजा लाल झाला तेव्हा भास्करनं तो उचलला आणि शर्टाला पुसला.

"तिले लहानपणी फ्रीजचं पाणी बी सोसत नव्हतं," तो म्हणाला.

तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून 'तिले' निघालं होतं. आम्ही तिघं कारखान्याचं मशीन फार लक्ष देऊन बघू लागलो.

*

दुसरा धडा, उतार. आता अकोटला उतार आणायचा कुठून? आमच्याकडे चढ म्हणजे स्पीडब्रेकर! पण कापसातली सरकी काढतात त्या जिनिंगच्या आवारात त्या दिवसांत कापसाचे ढीग लागतात. पांढरेशुभ्र, घरापेक्षा उंच. लांबून बघितलं तर हिमालयच!

मॅनेजर माझ्या ओळखीचा. मास्तरांनी शाळेतल्या मोडक्या बाकाच्या फळ्या आणल्या आणि सायकलच्या ट्यूबनं गुरुजींच्या पायाला बांधल्या. गुरुजींनी धोतराचा काचा मारला, आम्ही ढकलत ढकलत त्यांना वर पोचवलं, आणि मास्तरांनी शिट्टी फुंकली.

गुरुजी घसरले नाहीत. गुरुजी बुडाले! छातीपर्यंत आत. हात वर, शेंडी वर, बाकी सगळा कापूस.

मॅनेजर बोंबलत धावला, "काढा त्याह्यले बाहेर! कापसात केस सापडला तर व्यापारी कटकट करते, इथं अख्खे गुरुजी सापडून राहिले!"

आम्ही ओढून काढलं. एक फळी आतच राहिली. ती पुढे कोणत्या गाठीत गेली, कोणत्या गिरणीत निघाली, देव जाणे.

भास्कर ढिगाच्या कडेला उभा होता. मूठभर कापूस घेऊन बोटांनी ओढून बघत होता.

"कापूस घसरू देत नाई," म्हणाला. "धरून ठेवते."

*

मुहूर्ताचं काम अर्थातच गुरुजींकडे. त्यांनी पंचांग उघडून एक चांगला दिवस काढला.

"शेवंती तोडाची हाय," भास्कर म्हणाला.

दुसरा काढला.

"लग्नाची ऑर्डर हाय."

तिसरा काढला. त्या दिवशी विहिरीवरची मोटार जळणार होती म्हणे! आधीच कळलं होतं त्याला!

चौथ्या वेळी भास्कर काही बोलायच्या आत गुरुजींनी पंचांग मिटलं आणि त्यावर बसले. मी गुरुजींना पंचांगावर बसलेलं त्याआधीही बघितलं नाही आणि त्यानंतरही नाही.

"आता मुहूर्त नाही," ते म्हणाले. "आता तिकीट."

*

निघायच्या आदल्या दिवशी भास्करच्या घरी गेलो. शोभावैनी, म्हणजे त्याची बायको, पिशव्या भरत होत्या. मेथीचे लाडू, ठेचा, शेवया, आणि कुरड्यांचा एक मोठा डबा. या वैनी पोरीशी चोरून फोनवर बोलतात हे आम्हाला ठाऊक होतं. भास्करलाही होतं. ते आपल्याला ठाऊक आहे हे तो दाखवत नव्हता, एवढंच.

"हे सगळं कायले?" त्यानं विचारलं.

"तुमी चौघं खासान नाई का रस्त्यानं."

"कुरड्या कच्च्या हायेत. रस्त्यानं कोन तळून देईन?"

वैनींनी डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"तळणारं मानूस हाय तथी," म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

भास्करनं तो डबा स्वतःच्या पिशवीत घातला. सगळ्यात वर.

*

अकोला स्टेशनवर भास्कर आला तो डोक्यावर भलीमोठी गुंडाळी घेऊन. सुतळीनं करकचून बांधलेली, वर प्लॅस्टिक. आम्ही विचारलं, तर म्हणाला, "माह्यं अंथरून."

दिल्लीपर्यंत ती गुंडाळी त्याच्या बर्थवर आडवी झोपली आणि भास्कर तिच्या पायथ्याशी बसून आला. टीसीनं विचारलं, "ये क्या है?"

"बिस्तर."

"किसका?"

"मेरा."

"तो खोलते क्यों नहीं?"

भास्कर खिडकीबाहेर बघायला लागला. गुरुजींनी हात जोडले.

"साहब, इनको तीन साल से नींद नहीं आती!"

टीसीनं गुंडाळीकडे बघितलं, भास्करकडे बघितलं, आणि पुढच्या डब्यात गेला.

*

आणि मग औली! काय सांगू राजेहो! उतार असा की खाली बघितलं तर टोपी पडावी. भास्करनं पायाला स्की बांधायला साफ नकार दिला. गुंडाळी बर्फावर ठेवली, तिच्यावर मांडी घालून बसला, आणि कोणी हात लावायच्या आत सुटला! फौजेचे जवान बाजूला झाले, टुरिस्ट फोटो काढायला लागले, एक परदेशी बाई टाळ्या वाजवत होती. भास्कर दोन वळणं घेऊन, एक झाड चुकवून, थेट खाली लाल जॅकेट घालून शिकवत असलेल्या पोरीच्या पायाशी जाऊन थांबला.

तिनं गॉगल वर केला.

"बाबा," म्हणाली, "स्कीइंग असं नाई करत."

*

हा किस्सा मी लग्नात सांगतो, तेरवीत सांगतो, एसटीत अनोळखी माणसाला सांगतो. लोक डोळे पुसतात. गुरुजी शेजारी असले तर मान हलवून साक्षही देतात.

हा तेवढा मी बनवलेला आहे. औलीचा उतार मी बघितलेलाच नाही.

खरं असं की डोंगरातल्या बसनं गुरुजींची पार दशा झाली. औलीच्या खालच्या जोशीमठला उतरलो आणि ते धर्मशाळेत आडवे झाले. मास्तर त्यांचे पाय चोळत बसले. मी भास्करबरोबर निघालो, तर दारातच त्यानं मला थांबवलं.

"तुमी बसा. मी पाहून येतो."

गुंडाळी डोक्यावर, पिशवी हातात, आणि तो चढाच्या रस्त्यानं जीपकडे गेला. मागून नुसती गुंडाळीच चालल्यासारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला. हात रिकामे. पिशवीही नाही. अंगात बारीक विणीचा, त्याला जरा आखूड होणारा, कोणाचा तरी स्वेटर.

आम्ही तिघांनी काही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. पण गुरुजींना राहवलं नाही.

"वर थंडी आहे का रे?"

"हाय," भास्कर म्हणाला. "पन घर बरं हाय."

त्यापुढे त्यानं आजपर्यंत एक अक्षर सांगितलेलं नाही. म्हणून तर मला तो उतार बनवावा लागला.

*

एक किस्सा मात्र मी कुठे सांगत नाही. निघायच्या आधीचा आहे.

भास्कर एका सकाळी दुकानात आला आणि म्हणाला, "अकोल्याले चाल." मोटरसायकलवर मागे मी, आणि माझ्या मांडीवर त्याच्याच शेतातला, जिनिंगमधून सरकी काढून आणलेला कापूस. जुन्या शहरात मोर्णा नदीच्या पलीकडे एक गादीवाला आहे, त्याच्याकडे गेलो. म्हातारा माणूस. त्यानं कापूस हातात घेऊन बघितला. "अच्छा माल हाय," म्हणाला. "रजई?"

"रजई."

"किती भरू? लोक दोन किलो भरतात."

"पाच भर."

"पाच किलो? भाऊ, ते मानसाच्या अंगावर टाकाची हाय का म्हशीच्या?"

भास्कर हसला नाही. म्हातारा समजला. त्यानं लाल फुलांचं कापड काढलं, जमिनीवर पसरलं, आणि टेप हातात घेऊन वर बघितलं.

"सिंगल का डबल?"

बाहेरून एक हातगाडी गेली, एक ऑटो गेला. म्हातारा टेप धरून तसाच. मी कापडावरची फुलं बघत होतो.

"डबल," भास्कर म्हणाला.

"डबलले टाके जास्त लागतात. थांबा लागन."

भास्करनं चपला काढल्या आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"थांबतो," म्हणाला.